कुणाच्या जागी

नर्सने दारातून नाव पुकारलं आणि भलतीच बाई उठून उभी राहिली. इस्पितळाच्या त्या लांबट खोलीत भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. सर अगदी दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते, म्हणजे खरं तर उठायला त्यांनाच हवं होतं. ते अर्धवट उठलेही होते. तेवढ्यात समोरच्या रांगेत दुसऱ्या क्लबाचं निळं जाकीट घातलेली बाई उभी राहिलेली त्यांना दिसली, आणि ते ना धड बसलेले ना धड उभे, असे मध्येच अडकून राहिले. "या नावाच्या पेशंटबरोबर कोण आहे?" नर्सने पुन्हा विचारलं. "त्या नावाची मीच आहे," बाई म्हणाली. नर्सने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग बाईकडे. "पेशंट तर आत आहे." "असेल. पण नाव माझं आहे. लग्नाआधीचं. वडिलांच्या नावासकट." एवढं बोलून ती सरांकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सरांना बरं वाटलं असतं, रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते त्यांना ठाऊक होतं. ती नुसती बघत होती, आणि सरांना एवढंच कळलं की आपल्या हातून काहीतरी झालंय. काय झालंय, ते कळेना. चेंडूला फटका बसल्याचा आवाज यावा आणि चेंडू मात्र मैदानात कुठेच दिसू नये, तसं काहीसं.

सर शहरातल्या सगळ्यात जुन्या हॉकी क्लबातल्या मुलींचे कोच. निळ्या जाकिटातली बाई नदीपलीकडच्या क्लबाची कोच. त्या दुपारी दोन्ही संघांचा सामना होता आणि तो अर्ध्यावर टाकून दोघं इथे आले होते. सर जखमी मुलीबरोबर रुग्णवाहिकेतून, आणि ती आपल्या गाडीतून मागोमाग. पण त्याच्या कितीतरी आधी ही बाई सरांच्याच संघात उजव्या टोकाला खेळायची. तेव्हा तिला सगळे माशी म्हणत. ते नाव सरांनीच ठेवलेलं. कारण समोरच्या मुली स्टिका हवेत फिरवत राहायच्या आणि ही तोवर भलत्याच जागी जाऊन बसलेली असायची. सरांनी सगळ्यांनाच नावं ठेवली होती. मैदानाच्या मधोमध रोवून उभी राहायची ती खिळा. मागे उभी राहून सगळ्यांना झापायची ती काकू. गोलमध्ये कोणाला पाऊल टाकू द्यायची नाही ती घरमालकीण. त्या संघाने करंडक आणला, पुढच्या वर्षी पुन्हा आणला, आणि मग कापड उसवावं तसा सगळा संघ एका मोसमात उसवला. कोणाचं लग्न, कोणाची बदली, कोणाचा गुडघा. सर कार्यकारिणीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, आता नव्याने उभारणी करू, मला वेळ द्या. त्यांनी वेळ दिला. सर शाळाशाळांतून हिंडले, मुली आणल्या, त्यांना मैदानावर एका ओळीत उभं केलं. ओळीवरून चालताना त्यांनी एकीच्या खांद्यावर हात ठेवला. तू खिळा. पुढचीला म्हणाले, तू काकू. मुली हसल्या. नाव मिळालं म्हणून त्यांना आनंदच झाला होता, असं सरांना अजूनही वाटत होतं. समोर एखादा अगदीच नवखा संघ आला तर सोडून, तेव्हापासून संघ हरत होता. अगदी दणकून नव्हे, पण सतत, चिकाटीने हरत होता. मोसमाच्या अखेरीस अध्यक्ष दरवर्षी तोच विनोद करायचे, "सर, ही उभारणी आहे की डागडुजी?" आणि सर दरवर्षी तेच उत्तर द्यायचे, "पाया मजबूत घालायला वेळ लागतो, साहेब."

आज मार बसला तो उजव्या टोकाच्या नव्या मुलीला, धाकट्या माशीला. पेनल्टी कॉर्नर समोरच्या संघाला मिळाला होता. अशा वेळी बचाव करणाऱ्या मुली तोंडावर मुखवटे चढवून गोलरेषेमागे वाकून उभ्या राहतात, आणि चेंडू आत आला रे आला की त्यांच्यातली एक फटका मारणारीवर जीव खाऊन धावून जाते. संघातली सगळ्यात चपळ मुलगी. मोठी माशी जायची. चेंडू अडवून धरेपर्यंत तिची सावली त्याच्यावर पडलेली असायची आणि फटका मारणारीचे हात गडबडायचे. म्हणून आता धाकटी माशी जायची. आज ती निम्म्या वाटेत होती तेव्हाच फटका बसला. चेंडू तिच्याच स्टिकवर लागून वर उसळला आणि मुखवट्याच्या खालच्या कडेतून शिरून जबड्यावर आदळला. आवाज कोरडा होता, वाळलेलं लाकूड मोडल्यासारखा. ती पडली नाही. गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांची ओंजळ करून हनुवटीखाली धरली, काही सांडू नये म्हणून धरावी तशी. सरांना पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांत आठवत होतं. टर्फच्या हिरव्या नकली गवतावर ठिबकणारं रक्त. काकूचं, म्हणजे आत्ताच्या काकूचं, किंचाळणं. रुग्णवाहिकेतला रबराचा वास. मग खिडकीमागे बसलेला कारकून, ज्याने मान वर न करता विचारलं, नाव? आणि सरांनी धडाधड सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वय एकोणीस, रक्तगट. तेव्हा मात्र कारकुनाने मान वर केली. "रक्तगट पाठ असलेला माणूस बऱ्याच दिवसांनी बघतोय," तो म्हणाला. सरांना त्या अवस्थेतही बरं वाटलं होतं. पोरींसाठी मी जीव टाकतो ते असं, हे त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. शेजारी स्ट्रेचरवर पडलेल्या मुलीने तेवढ्यात हात उचलून त्यांच्या मनगटावर बोटं आपटली. पुन्हा आपटली. तिच्या तोंडात कापसाचे बोळे होते. "शांत पड, माशी," सर म्हणाले होते, "मी आहे ना."

आता नर्स त्या दोघांच्या मध्ये उभी होती. "काका, नाव चुकीचं दिलंत का तुम्ही?" सर म्हणाले, "नाही. म्हणजे, हो." "आणि रक्तगट?" निळ्या जाकिटातली बाई म्हणाली, "तोही माझाच असेल. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा सर रक्तासाठी गावभर फिरले होते. म्हणून पाठ आहे त्यांना." नर्सच्या कपाळावर आठी आली. "आम्ही तपासल्याशिवाय रक्त देत नाही, ते सोडा. पण औषधं, एक्सरे, सगळं भलत्या नावावर जातंय. तिच्या हातात नावाची पट्टीसुद्धा तीच बांधलीये. बरं, मुलीचं खरं नाव काय?" साधा प्रश्न होता. सरांनी तोंड उघडलं. नाव त्यांना माहीत होतं, माहीत नसायला काय झालं, रोज समोर असते मुलगी. ते जिभेच्या मुळाशी होतं, पण त्याच्या पुढे माशी येऊन बसली होती आणि हटत नव्हती. मग नाव आलं. नुसतं नाव. आडनावाच्या जागी पांढरं काहीतरी होतं. वडिलांच्या नावाच्या जागीही. मैदानावरच्या याद्या मॅनेजर लिहायचा, सर खाली सही करायचे. नर्स पेन उघडून थांबली होती. आणि मग जुन्या माशीने, नदीपलीकडच्या कोचने, त्या मुलीचं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट. नर्सने लिहून घेतलं आणि ती आत निघून गेली. दार झुलत राहिलं.

सर खाली बसले. जुनी माशी आता त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. मग सरांनी विचारलं, "तुला कसं ठाऊक तिचं नाव?"

"सबंध मोसम बघतेय तिला. समोरच्या संघातल्या प्रत्येकीची माहिती काढायची, हे तुम्हीच शिकवलंत."

"पळायला जरा कमी पडते ती. वेळ दिला की होईल. तूही सुरुवातीला..."

"मी पहिल्या दिवसापासून पळायचे, सर. शाळा सुटली की पळायचे, दुकानात पाठवलं की पळायचे. काही कारण लागायचं नाही. ही पळणारी नाहीच." ती थोडी थांबली. पुढचं सांगावं की नाही, असा विचार करत असावी. "ती चेंडूकडे बघत नाही. चेंडू जाणार तिकडे बघते. तिथे टोकाला उभी राहून ती तुमच्या बाकीच्या मुलींना हाताने दाखवत असते, तू इकडे सरक, तू मागे ये. त्या बघतच नाहीत तिच्याकडे. आमच्या मुली बघतात."

"म्हणजे?"

"म्हणजे तिचा हात जिकडे, तिकडे तुमचं भगदाड. आम्ही चेंडू तिकडून नेतो. आज पहिला गोल तसाच झाला. आधीच्या सामन्यांतलेही."

सरांना तो हात आठवला. आठवला म्हणजे इतका स्पष्ट आठवला की त्यांना स्वतःचीच भीती वाटली, कारण तो हात त्यांनी पाहिला होता, शेकडो वेळा पाहिला होता. उजव्या टोकाला उभी असलेली ती उंच, थोडं पोक काढून उभी राहणारी मुलगी, आणि पंख्याच्या पात्यासारखा सावकाश फिरणारा तिचा हात. त्या हातावर ते ओरडायचे. "माशी, हातवारे नकोत, पळ!" मोठी माशी कधी हातवारे करायची नाही. त्यांना वाटायचं ही आळशी आहे, दुसऱ्यांना कामाला लावते. एकदा तर त्यांनी तिला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, वाहतूक पोलीस व्हायचंय का तुला, आणि सगळ्या हसल्या होत्या, तीसुद्धा. आता इस्पितळाच्या खुर्चीवर बसून त्यांना तो सबंध संघ डोळ्यांपुढे दिसायला लागला, आणि दिसतो तो संघ कुठला हेच समजेना. खिळा म्हटलं की डोळ्यांपुढे यायची ती जुनी खिळा, ओठ चावत उभी राहणारी. आत्ताची खिळा कशी उभी राहते? त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. तिच्या पाठीवरचा आकडा आठवला. चेहऱ्याच्या जागी जुना चेहरा येत राहिला. त्यांना उगाच आपल्या घराची आठवण आली. नव्या घरात राहायला गेले तेव्हा त्यांनी सगळं सामान जुन्या घरातल्यासारखंच लावलं होतं, पलंग इकडे, कपाट तिकडे, अंधारातही हात बरोबर जायला हवा म्हणून. बायको संध्याकाळी कामावरून आली आणि खोलीच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "अहो, खिडकी कुठे गेली?" खिडकी कपाटामागे गेली होती. दोघंही हसले होते. कपाट मात्र तिथेच राहिलं. हे सगळं आता का आठवतंय, म्हणून सरांनी मान झटकली. एक मुलगी आत जबडा फुटून पडली आहे आणि आपण कपाट आठवतोय.

"तुमची टर्फ नवी आहे," ते एकदम म्हणाले. बोलल्यावर त्यांना लाज वाटली, पण ते थांबले नाहीत. "आणि अध्यक्ष चांगला मिळाला तुला. आमच्याकडे दर महिन्याला कोणीतरी डोक्यावर येऊन बसतं."

ती हसली. "टर्फ गेल्या वर्षी आली. त्याआधी गोदामामागच्या फरशीवर खेळायचो. अध्यक्षांनी मला ठेवलं, कारण माझ्या जागी यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. पहिल्या वर्षी तुम्हीच आम्हाला अकरा गोल मारलेत, आठवतंय?" सरांना आठवत होतं. त्या रात्री ते खुशीत होते. ही गेली पण आपलं काही अडलं नाही, असं त्यांना वाटलं होतं. "त्या दिवशी घरी जाऊन मी खूप रडले," ती म्हणाली. "मला वाटलं, सरांनी आम्हाला जसं घडवलं तसं आपल्याला का जमत नाही? मग दुसऱ्या दिवशी गेले, तर त्या मुली समोर उभ्या. मी त्या क्लबात नवीन. आधी तिथे कोण कुठे खेळायची, कोण किती चांगली होती, मला काहीच ठाऊक नाही. मला आठवायलाच काही नव्हतं, सर. त्यामुळे समोर होत्या त्यांच्याकडे बघण्यावाचून इलाज नव्हता. त्याला अक्कल म्हणू नका. ती अडचण होती. तुमच्या क्लबात राहिले असते तर मीसुद्धा दुसरी माशीच शोधत बसले असते." तिने जाकिटाची चेन वर ओढली, पुन्हा खाली ओढली. "आणि आता निघालंच आहे म्हणून सांगते. मला ते नाव कधीच आवडलं नाही. मैदानात लोक ओरडायचे तेव्हा आई प्रेक्षकांत असायची. माशी घाणीवर बसते, म्हणायची. मग यायचीच बंद झाली."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही किती प्रेमाने हाक मारायचात, सर. कसं बोलणार?"

त्याच वेळी दार जोरात उघडलं आणि एक बाई आत आली. डोक्याला कपडा घट्ट बांधलेला, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, हात पाण्यात राहून सुरकुतलेले. ती कामावरून तशीच आली होती. लाँड्रीत काम करायची. तिने खोलीभर नजर फिरवली आणि सरांच्या अंगावरचं क्लबाचं जाकीट पाहून त्यांच्याकडे धावली. "सर तुम्हीच ना? कुठाय माझी मुलगी?" सर उठले. "आत आहे. घाबरू नका. जबड्याला लागलंय, डॉक्टर बघतायत." "आत आहे?" बाईने दाराकडे बोट दाखवलं, जणू तिचा विश्वास बसत नव्हता. "इथेच आहे? मी मघाशीच आले होते हो इथे. खालच्या खिडकीवर नाव सांगितलं. म्हणाले, या नावाची मुलगी आणलेलीच नाही. मी म्हटलं बघा, नीट बघा. म्हणाले एकोणीस वर्षांची एक आहे, पण ती दुसरी. मग मी पलीकडच्या इस्पितळात गेले. तिथेही नाही. मला वाटलं..." तिला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही. ती त्याच जागी उभी राहून तोंडाने श्वास घेत राहिली. सरांच्या डोळ्यांपुढे ती एका इस्पितळाच्या जिन्यावरून उतरून रस्ता ओलांडून दुसऱ्या इस्पितळाचा जिना चढताना आली, नाव सांगताना आली, आणि प्रत्येक खिडकीमागचा माणूस मान हलवताना आला. "चूक झाली," सर म्हणाले. शब्द इतका लहान निघाला की त्यांनी तो पुन्हा उच्चारला. "माझी चूक झाली. नाव मी चुकीचं दिलं." आईने त्यांच्याकडे पाहिलं. कळायला तिला वेळ लागत होता. "चुकीचं? का हो?" निळ्या जाकिटातल्या बाईने आईचा हात धरला, तिला खुर्चीवर बसवलं, पाणी आणून दिलं. आई पाणी प्यायली. मग तिचं लक्ष पुन्हा सरांकडे गेलं, आणि त्यांचा चेहरा पाहून तिलाच त्यांची दया आली असावी. "तुम्ही तिला माशी म्हणता ना? सांगत असते ती. आम्ही तर हसलो. घरी आम्ही तिला आजी म्हणतो. अगदी दोन-अडीच वर्षांची होती तेव्हापासून. सगळी पोरं अंगणात धुडगूस घालायची आणि ही पायरीवर बसून सांगायची, तू पडशील, तू त्याला ढकलशील. आणि खरंच पडायची ती पोरं!"

डॉक्टर बाहेर आले. जबडा दोन जागी मोडला होता, सकाळी तारा घालून बांधायचा होता, जिवाला काही धोका नव्हता. आई रडली. सरांना रडू आलं नाही. ते घरी गेले, बायकोला सगळं सांगायला बसले आणि "चेंडू लागला" याच्यापुढे त्यांना काही सांगताच आलं नाही.

पुढच्या आठवड्यात ते त्या मुलीला भेटायला इस्पितळात गेले. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, गाल सुजून चेहरा चौकोनी झालेला, दातांवर तारा. मनगटावर नवी पट्टी होती, तिच्या स्वतःच्या नावाची. सरांनी ती वाचली. आई सफरचंदाचा रस गाळत होती. सर खुर्चीवर बसले आणि त्यांनी तिला तिच्या नावाने हाक मारली. पहिल्यांदाच. दोघांनाही ते जरा विचित्र वाटलं, नवे बूट घालून चालल्यासारखं. तिने मोबाइल उचलला आणि त्यावर लिहून त्यांच्यापुढे धरला: "त्या दिवशी सांगत होते तुम्हाला. नाव चुकलंय."

"मला वाटलं, दुखतंय म्हणून करतेस."

"दुखतही होतं," तिने लिहिलं, आणि तिचे डोळे हसले. सरांना धीर आला. रात्री झोप न लागता त्यांनी जो प्रश्न घोळवला होता तो त्यांनी विचारला. "बरी झालीस की तुला कुठे खेळायला आवडेल? खरं सांग. मी अजिबात रागावणार नाही." मागे, मध्ये, जे म्हणेल ते द्यायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. तिच्याभोवती संघ बांधायचा, तिच्या हातासमोर सगळ्यांना उभं करायचं, असं एक चित्रसुद्धा त्यांनी रंगवलं होतं, आणि त्या चित्रात संघ जिंकत होता. तिने पुन्हा मोबाइल उचलला. मग तिने एकच शब्द लिहिला. "पलीकडे." सरांना वाटलं, डाव्या टोकाला म्हणते आहे. "पलीकडे म्हणजे?" तिने लिहिलं, "नदीच्या." आईने खांद्यावरून वाचलं आणि कपाळावर हात मारला. "असं लिहितात का गं? सर तुझ्यासाठी एवढे आले आणि..." "राहू द्या," ते म्हणाले. "क्लब बदलायची मोकळीक देतो मी. उद्याच देतो." आणि आपल्याच तोंडून हे इतक्या सहज कसं निघालं, याचा त्यांना धक्का बसला. तिच्याकडे नीट बघायला शिकायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ती गेलीसुद्धा होती.

त्या संध्याकाळी मैदानावर सगळ्या मुली जमल्या. समोर क्लबाच्या छोट्या मुलींचा संघ सरावासाठी उभा होता. सरांनी शिटी गळ्यातून काढून खिशात ठेवली. "आज मी काही सांगणार नाही," ते म्हणाले. "जिला जिथे खेळावंसं वाटतं तिथे उभं राहा." मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. सर रागावले आहेत की थट्टा करतायत, याचा त्या अंदाज घेत असाव्यात. गोलकीपर, म्हणजे आत्ताची घरमालकीण, तिने मुखवटा कपाळावर सरकवला. "म्हणजे कुणाच्या जागी, सर?"

"कुणाच्याच नाही."

त्या पांगल्या. आणि प्रत्येक जण मुकाट्याने जाऊन आपल्या नेहमीच्या जागेवर उभी राहिली. उजवं टोक तेवढं मोकळं होतं. खेळ सुरू झाला. खिळ्याने चेंडू अडवला, मान वर केली आणि तो सणसणीत उजवीकडे मारला. तिथे कोणी नव्हतं. चेंडू रेषेबाहेर गेला. थोड्या वेळाने काकूनेही तसाच मारला, तोही बाहेर गेला. पुन्हा एकदा. कोणी कुरकुर केली नाही, कोणी ती जागा भरायला गेलं नाही. कोणी नाही तिथे चेंडू पाठवायची या मुलींना इतकी सवय होती, की खरंच कोणी नाही हे त्यांच्या लक्षातच येत नव्हतं. ओरडायला सरांनी हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

तेव्हा गोलमधून घरमालकीण पुढे आली. चालता चालता तिने हातमोजे काढून टाकले, खाली वाकून पायांवरची जाड पॅडं सोडली, मुखवटा काढून गवताच्या कडेला ठेवला. खालून एक किरकोळ, लांब पायांची मुलगी निघाली. ती मैदान ओलांडून उजव्या टोकाला गेली, तिथे पडलेली एक स्टिक उचलली आणि उभी राहिली. "सर, मला पळायचंय," तिथून ती ओरडली. "क्लबात आले त्या दिवशी मला यायला उशीर झाला होता, गोलची तेवढीच एक जागा उरली होती. तेव्हापासून उभीच आहे."

"मग गोलमध्ये कोण?" सरांनी विचारलं.

तेवढ्यात छोट्यांपैकी एकीच्या स्टिकला चेंडू लागला. तिने तो पुढे ढकलला, आणखी पुढे ढकलला, आणि मोकळ्या गोलसमोर येऊन ती गोंधळून थांबली. "मारू का?" तिने विचारलं. सर म्हणाले, "मार." चेंडू आतल्या फळीवर आदळला. गोल झाला, आणि मैदानावर कोणीच हललं नाही. मुली सवयीने सरांकडे वळल्या, आता काय ऐकून घ्यावं लागणार म्हणून. सरही त्यांच्याकडे बघत राहिले. एकीने कानामागे पेन्सिल खोचलेली होती. एकीचं एक पाऊल आत वळलेलं होतं. एक जण डावरी होती, स्टिक टेकवून डाव्या हाताने मनगट खाजवत होती. सर एकेका चेहऱ्यावर थांबत, शेवटपर्यंत गेले, पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले. समोर उभ्या असलेल्या मुलींपैकी ते एकीलाही ओळखत नव्हते.